शिखरावरच्या वेधशाळेत पाहुणी निरीक्षक म्हणून चार रात्री: तयारी कशी करावी?

क्षितिजरेखा (प्रश्न)

नमस्कार. मी खगोलशास्त्रात संशोधन करते. आमचा निरीक्षण-प्रस्ताव मंजूर होऊन दीड महिन्यानंतरच्या चार सलग रात्री आमच्या वाट्याला आल्या आहेत, आणि मार्गदर्शकांना त्या काळात येणे शक्य नसल्यामुळे वेधशाळेत मला एकटीलाच जायचे आहे. आजवरची माझी निरीक्षणे एक तर सखल भागातल्या छोट्या दुर्बिणीवर झाली, नाही तर वेधशाळेच्या कर्मचाऱ्यांनी आमच्यासाठी घेऊन पाठवलेली विदा (डेटा) मी वापरली. शिखरावर राहून, स्वतः पडद्यासमोर बसून रात्र काढण्याचा हा पहिलाच प्रसंग आहे.

दुर्बीण ४,००० मीटरहून थोड्या अधिक उंचीवर आहे आणि निरीक्षकांचे निवासस्थान तिच्या खाली, २,८०० मीटरच्या आसपास आहे. मंद ताऱ्यांचे वर्णपट घ्यायचे आहेत. यादीत ३१ लक्ष्ये असून त्यांतली बरीचशी खगोलीय विषुववृत्ताच्या जवळ आहेत. पहिल्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पुढे तो वाढत जाणार आहे. वेधशाळेने पाठवलेली सूचनापुस्तिका मी दोनदा वाचली. तिच्यात उपकरणाची माहिती भरपूर आहे, परंतु ते उपकरण वापरणाऱ्या माणसाने स्वतःची तयारी कशी करावी, याबद्दल मोजून चार ओळी आहेत आणि त्यांतल्या दोन उबदार कपड्यांवर खर्च झाल्या आहेत.

ज्यांनी अशा रात्री काढल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे, की या दीड महिन्यात मी नेमके काय उरकून ठेवावे, उंचीचा त्रास कितपत गांभीर्याने घ्यावा, आणि तिथल्या लोकांशी आधी कोणकोणत्या गोष्टी बोलून ठेवाव्यात.

रात्रपाळी (उत्तर)

आधी अभिनंदन. मी अशा फेऱ्या बऱ्याच केल्या आहेत आणि चुकाही पुरेशा केल्या आहेत, त्यामुळे सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, पुढचे सगळे तिच्याच पोटात येते: विचार करण्याचे कोणतेही काम शिखरासाठी शिल्लक ठेवू नका. ४,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो. तुम्ही आजारी पडला नाहीत तरी डोके मंद चालते, आणि त्यातली वाईट गोष्ट अशी, की ते मंद चालले आहे हे त्याच डोक्याला कळत नाही. पहाटे तीन वाजता मी ४७ मधून १९ वजा करून दोनदा वेगवेगळी उत्तरे काढलेली आहेत. म्हणून कोणता तारा केव्हा, किती वेळ, कोणत्या मांडणीत आणि तो हुकला तर त्याच्या जागी कोणता, हे सगळे कागदावर ठरवूनच वर जावे.

आता तुमच्या ३१ लक्ष्यांकडे पाहू. खगोलीय संधिप्रकाश संपल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांहून खोल असतो तेवढ्या काळात, ९ तास मिळतात असे धरा. ती झाली ५४० मिनिटे. एका ताऱ्याची २० मिनिटांची दोन एक्स्पोजर, प्रत्येक वेळी विदा वाचून घेण्याचे एकेक मिनिट, दुर्बीण वळवून तारा स्लिटवर (ज्या अरुंद फटीतून प्रकाश उपकरणात जातो तिच्यावर) आणण्याची ८ मिनिटे आणि तरंगलांबीच्या मोजपट्टीसाठी आर्क दिव्याची ३ मिनिटे धरली, तर एका लक्ष्याला ५३ मिनिटे लागतात. रात्रीतून चार वेळा प्रमाण ताऱ्यांसाठी (ज्यांची दीप्ती आधीच नेमकी माहीत आहे अशा) दहा-दहा मिनिटे बाजूला काढली की ५०० मिनिटे उरतात आणि त्यांत नऊच लक्ष्ये बसतात. चार रात्रींची ३६ होतात, म्हणजे ३१ लक्ष्ये बसतात खरी, पण चारही रात्री निरभ्र गेल्या आणि एकही गोष्ट बिघडली नाही तरच. तुमचे आकडे वेगळे असतील, परंतु हा हिशेब आजच करा. ज्यांच्याशिवाय शोधनिबंध उभाच राहणार नाही अशा दहाबारा ताऱ्यांवर खूण करा आणि ते पहिल्या दोन रात्रींत घ्या. बाकीचे मिळाले तर आनंदच आहे.

रात्रीचा क्रम नक्षत्रकालानुसार, म्हणजे ताऱ्यांच्या घड्याळानुसार, लावा. २३ सप्टेंबरच्या सुमारास स्थानिक मध्यरात्री नक्षत्रकाल जवळपास शून्य तास असतो आणि पुढे महिन्याला दोन तासांनी वाढतो, एवढे लक्षात ठेवले तरी कोणत्या विषुवांशाचे (आकाशातल्या रेखांशाचे) तारे मध्यरात्री याम्योत्तरावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, असतील हे कागद-पेन्सिलीने काढता येते. प्रत्येक तारा याम्योत्तराच्या आसपास असताना घ्यायचा, कारण तिथे त्याला हवेचा थर सर्वांत कमी आड येतो. उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) ३० अंशांवर आला की हा थर डोक्यावरच्या थराच्या दुप्पट होतो. मात्र तुमची दुर्बीण उन्नतांश-दिगंश पद्धतीच्या बैठकीवर असेल, तर अगदी खस्वस्तिकाजवळून (थेट डोक्यावरच्या बिंदूजवळून) जाणारा तारा तिला धरून ठेवता येत नाही, कारण तिथे दिगंश (क्षितिजावरची दिशा) इतक्या वेगाने बदलतो की दुर्बीण फिरवणाऱ्या मोटारी मागे पडतात. असे तारे याम्योत्तराच्या तासभर आधी किंवा नंतर घ्यावेत. चंद्राचा हिशेबही लगेच मांडून ठेवा. तो रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा मावळेल, म्हणजे चौथ्या रात्री काळोख सव्वादोन ते तीनच्या दरम्यान सुरू होईल. सर्वांत मंद तारे पहिल्या रात्रीच्या उत्तरार्धात ठेवा, आणि वर्णपटाच्या निळ्या टोकाला तुम्हाला काही मोजायचे असेल तर या बाबतीत अधिकच कडक राहा, कारण चंद्रप्रकाशाचा उपद्रव निळ्या बाजूला जास्त होतो.

तुम्ही विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांचा उल्लेख केला आहे, म्हणून माझी एक फजिती सांगतो. माझ्या एका लक्ष्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) उणे शून्य अंश २४ कला होती. यादी वेधशाळेच्या नमुन्यात बसवण्यासाठी मी लिहिलेल्या चार ओळींच्या प्रोग्रॅमने अंश, कला (अंशाचा साठावा भाग) आणि विकला (कलेचा साठावा भाग) हे तीन सुटे आकडे म्हणून वाचले. शून्याला उणे लावले तरी ते शून्यच, त्यामुळे चिन्ह गळून पडले आणि दुर्बीण विषुववृत्ताच्या पलीकडे, ४८ कला दूर जाऊन उभी राहिली. पडद्यावर तारे व्यवस्थित दिसत होते, फक्त नकाशातल्या एकाशीही ते जुळत नव्हते. मी नकाशा उलटा धरून पाहिला, आरशातल्यासारखा पालटून पाहिला, दुर्बिणीच्या दिशादर्शनालाही दोष देऊन झाला. पस्तीस मिनिटांनी दुर्बीण चालवणाऱ्या ऑपरेटरने शांतपणे विचारले, की क्रांती धन आहे याची खात्री आहे ना? तेव्हापासून मी यादीतली प्रत्येक ओळ मूळ तारकासूचीशी डोळ्यांनी ताडून पाहतो, आणि ते काम घरी, दिवसा, झोप झाल्यावर करतो.

शोध-नकाशे कागदावर छापून न्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे तारे, उत्तर वर आणि पूर्व डावीकडे, आणि नकाशाची व्याप्ती उपकरणाच्या शोधकॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्राइतकी असावी. त्याहून मोठा नकाशा पाहायला सुंदर असतो आणि कामाला निरुपयोगी. यादीत जवळचे तारे असतील तर त्यांची निजगती (आकाशातले स्वतःचे सरकणे) विसरू नका. बर्नार्डचा तारा वर्षाला सुमारे १० विकला सरकतो, म्हणजे २००० सालच्या स्थानावर त्याला शोधायला गेलात तर तो आज चार कलांहून अधिक दूर असतो. तुमचे तारे इतके चपळ नसतील, पण स्लिटची रुंदी एखादी विकलाच असते हे लक्षात घेता वर्षाला दशांश विकला सरकणारा ताराही पंचवीस वर्षांत बाहेर पडतो.

आणखी एक. वातावरण निळ्या आणि लाल प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात वाकवते. तारा खाली असताना स्लिट पॅरॅलॅक्टिक कोनात, म्हणजे क्षितिजाला काटकोनात येईल अशी, फिरवली नाही तर ताऱ्याचा निळा प्रकाश स्लिटच्या बाहेर सांडतो आणि घरी आल्यावर आपला तारा उगाच लालसर निघतो. रंग असे फाकण्याची (अपस्करणाची) भरपाई करणारे भिंग तुमच्या उपकरणात आहे का, हे आधीच विचारून घ्या.

गिरिवैद्य (उत्तर)

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, उंचीवर काम करणाऱ्या लोकांना काही वर्षे तपासले आहे आणि आकाशाची आवड जुनी आहे. वरच्या उत्तरातील खगोलाबद्दल मी बोलणार नाही, परंतु प्रश्नातल्या ‘उंचीचा त्रास कितपत गांभीर्याने घ्यावा’ या भागाला स्वतंत्र उत्तर हवे असे वाटते.

निवासस्थान दुर्बिणीच्या बरेच खाली बांधलेले असते यामागे विचार आहे. हवाईमधील मौना केआचे शिखर सुमारे ४,२०० मीटरवर आहे आणि निरीक्षक झोपतात ते हाले पोहाकू २,८०० मीटरवर. चिलीतील आल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना ५,००० मीटरवर आहेत, तर माणसे राहतात ते केंद्र सुमारे २,९०० मीटरवर. काम उंचावर आणि झोप खाली हा गिर्यारोहकांचा जुना नियमच तिथे वापरलेला आहे. तेव्हा पहिल्या निरीक्षणाच्या निदान एक, शक्यतो दोन रात्री आधी निवासस्थानी पोहोचा आणि त्या काळात शिखरावर जाण्याची घाई करू नका. तंदुरुस्त तरुण माणसाला त्रास होत नाही हा समज चुकीचा आहे. व्यायामाने कमावलेली ताकद या बाबतीत संरक्षण देत नाही, उलट असे लोक पहिल्याच दिवशी जास्त हिंडतात आणि आडवे होतात.

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणे, झोप तुटक होणे ही सौम्य पर्वतविकाराची लक्षणे आहेत. ती असताना आणखी वर जाऊ नये, आणि वर असताना वाढू लागली तर खाली यावे. दोन अवस्था मात्र वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागत असेल आणि खोकला सुटत नसेल तर फुप्फुसांत पाणी होत असल्याची शंका घ्यावी. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येईना, तर मेंदूला सूज येत असल्याची. दोन्हींत प्राणवायू लावून ताबडतोब खाली उतरवणे हाच उपाय असतो, आणि तो निर्णय रुग्णाने घ्यायचा नसतो. ऑपरेटरला पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवा, की मी काही विचित्र बोलू लागले तर मला विचारत बसू नका.

अॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, पण ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ते सल्फोनामाइड गटातले आहे, त्यामुळे त्या गटाची अॅलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. त्याने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते, त्यामुळे घ्यायचेच असेल तर घरी असताना एकदा घेऊन पाहणे बरे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य दोन्ही टाळा, कारण त्यांनी श्वसन आणखी मंदावते. उंचीवर झोपेत श्वास काही सेकंद थांबून मग जोराने सुरू होतो आणि माणूस दचकून उठतो. हे बहुतेकांना होते, त्याला घाबरू नये. समुद्रात स्कूबा डायव्हिंग केले असेल तर त्यानंतर निदान २४ तास शिखरावर जायचे नाही.

हवा कोरडी असते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यांना रखरखीत वाटतात, चष्माच न्या. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे संध्याकाळच्या तयारीच्या वेळीही गॉगल आणि टोपी लागते. एक गमतीची गोष्टही सांगतो. प्राणवायू कमी पडला की सर्वांत आधी कुरकुरतो तो डोळ्याचा पडदा, त्यामुळे शिखरावर उघड्या डोळ्यांना आकाश अपेक्षेपेक्षा फिके दिसते, आणि नळीतून दोनचार मिनिटे प्राणवायू घेतला की तारे अक्षरशः उजळतात. खरे तारांगण पाहायचे असेल तर ते निवासस्थानाच्या अंगणातून पाहा.

झोपेचे चक्र निघण्याच्या चारपाच दिवस आधीपासून रोज तास-दीड तासाने पुढे ढकलत न्या. पहाटे दोननंतर कॉफी बंद, आणि सकाळी खोलीकडे परतताना गॉगल लावूनच चाला. त्या दहा मिनिटांच्या उन्हाने शरीर दिवस उगवला असे ठरवून बसते.

घुमटाखालून (उत्तर)

मी एका वेधशाळेत पाहुण्या निरीक्षकांची व्यवस्था पाहते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. तुम्ही येण्याआधी आम्हालाही तयारी करायची असते आणि तिचा आधार तुम्ही भरून पाठवलेला अर्ज असतो. कोणते ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी), कोणत्या रुंदीची स्लिट, कोणते फिल्टर, कोणत्या रात्री बदल हवा, हे त्यात स्पष्ट लिहा. ग्रेटिंग बदलणे हे दिवसाच्या पथकाचे काम आहे. उपकरण उघडावे लागते, बंद करावे लागते, पुन्हा जुळवावे लागते. रात्री आठ वाजता ‘त्याऐवजी दुसरे बसवता येईल का’ असे विचारणारे पाहुणे दरवर्षी भेटतात आणि त्यांना नकार देणे आम्हाला आवडत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी साहाय्यक खगोलज्ञ तुम्हाला उपकरणाची ओळख करून देतील. त्या वेळी झोप पूर्ण झालेली असू द्या आणि वही जवळ ठेवा. बायस (प्रकाश न घेता केलेले कॅमेऱ्याचे वाचन), घुमटातले फ्लॅट (सारख्या उजेडातल्या प्रतिमा) आणि आर्क हे दिवसाउजेडीच उरकून घ्या. संधिप्रकाशातल्या आकाशाचे फ्लॅट हवे असतील तर त्यांचा क्रम आधी लिहून ठेवा, कारण संध्याकाळी आकाश भराभर काळवंडते आणि योग्य उजेड काही मिनिटांपुरताच मिळतो. ज्या फिल्टरमधून कमी प्रकाश जातो तो संध्याकाळी आधी आणि सकाळी शेवटी घ्यायचा असतो. तुम्हाला वर्णपटच घ्यायचे असल्याने हा ताप कमी आहे, तरी स्लिटवरच्या उजेडाचा उतार काढायला दोनतीन आकाशी फ्लॅट उपयोगी पडतात.

घुमट बंद करण्याचा निर्णय ऑपरेटरचा असतो. आर्द्रता आणि वारा यांच्या मर्यादा प्रत्येक वेधशाळेच्या वेगळ्या असतात, पण त्या ओलांडल्या की आकाश वरून कितीही स्वच्छ दिसत असले तरी दार बंद होते. मुख्य आरशावरचा अॅल्युमिनियमचा थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, त्यावर दव किंवा धूळ बसू देणे कोणालाच परवडत नाही. या बाबतीत वाद घालू नका. त्याच कारणाने रात्री घुमटात फेरफटका मारू नका. आरसा आणि आतली हवा रात्रीच्या तापमानाला असावी म्हणून आम्ही दिवसभर घुमट थंड ठेवलेला असतो, आणि उभा माणूस शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सोडतो. ती वर चढून तुमच्याच ताऱ्याची प्रतिमा हलवते.

उजेडाची शिस्त सगळीकडे कडक असते. खोलीचे पडदे अंधार पडण्याआधी लावायचे, टॉर्च लाल आणि जमिनीकडे वळवलेली, छायाचित्रासाठी फ्लॅश नाही, आणि घुमटांजवळ गाडी फक्त पार्किंगच्या दिव्यांवर. चिलीतील परानाल येथे निरीक्षकांचे निवासस्थान बरेचसे जमिनीखाली आहे आणि त्याच्या काचेच्या घुमटाला रात्री आतून आच्छादन घातले जाते. तिथे आतमध्ये बाग आणि पोहण्याचा तलाव आहे तो चैनीसाठी नाही, वाळवंटातल्या अतिकोरड्या हवेत काही आठवडे राहणाऱ्या माणसांना थोडा ओलावा मिळावा म्हणून. बहुतेक वेधशाळांत इतकी सोय नसते. जिन्याजवळची खोली मिळाली तर बदलून मागा, कारण तुम्ही सकाळी आठला झोपणार आणि दिवसाचे पथक त्याच वेळी जिन्यावरून जाणार. रात्रीचा डबा हवा असल्यास स्वयंपाकघराला दुपारीच कळवावे लागते. हे विसरणारे इतके असतात, की आम्ही एकदोन डबे जास्तच ठेवतो, पण त्यावर विसंबू नका.

विदा नेण्यासाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणू नका. तिचे वाचनमुख हवेच्या पातळ थरावर तरंगते आणि बहुतेक उत्पादक ती साधारण ३,००० मीटरपर्यंतच चालवायला सांगतात. आमच्याकडे एका पाहुण्याची डिस्क दुसऱ्या रात्री करकर आवाज करून गप्प झाली होती. सुदैवाने मूळ प्रत आमच्या संगणकावर होती. घन-अवस्थेतील डिस्क न्या आणि रोज सकाळी झोपण्यापूर्वी प्रत काढा.

तुम्ही एकट्या येणार आहात म्हणून एक अवांतर. नियंत्रणकक्षापासून स्त्रियांचे स्वच्छतागृह कुठे आहे हे पहिल्या संध्याकाळी पाहून ठेवा, आणि काही गैरसोय असेल तर संकोच न करता सांगा. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेच्या निरीक्षकांच्या निवासाला ‘मठ’ म्हणत आणि तिथे स्त्रियांना मुक्काम करता येत नसे. खगोलशास्त्रज्ञ मार्गारेट बर्बिज १९५५ मध्ये तिथे निरीक्षणे करत होत्या तेव्हा कागदोपत्री वेळ पतीच्या नावावर होता. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांना १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच पालोमार वेधशाळेत निरीक्षणाची अधिकृत परवानगी मिळाली तेव्हा तिथे स्त्रियांसाठी स्वच्छतागृहच नव्हते. त्यांनी कागदाचा झगा कापून दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला. आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, तरी काही शिखरांवर ते दार दोन मजले खालीच सापडते.

मध्यरात्र (उत्तर)

सर्वांचा अनुभव मान्य करून एक शंका मांडतो. इतका खटाटोप करून वर जावेच का? लडाखमधील हानले येथील दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण ४,५०० मीटरवर आहे आणि तिचे निरीक्षक बेंगळूरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाद्वारे ती चालवतात. मौना केआवरच्या केक दुर्बिणींचे निरीक्षकही शिखरावर न जाता खालच्या वाइमेआ गावातून किंवा आणखी दूरवरून काम करतात. तिथे डोके पूर्ण चालते, झोप होते आणि चुका कमी होतात. रात्रपाळी यांनी सांगितलेली मंद मेंदूची अडचण तर मुळातच राहत नाही. वेधशाळा तशी सोय देत असेल, तर मी ती आधी विचारली असती.

क्षितिजरेखा

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांची आभारी आहे. दूरस्थ निरीक्षणाची सोय या दुर्बिणीवर सध्या फक्त तिथे आधी जाऊन आलेल्यांना मिळते, त्यामुळे पहिल्या वेळी जाणे भागच आहे. रात्रपाळी यांचे उत्तर वाचल्यावर यादी मूळ सूचीशी ताडून पाहिली. ३१ पैकी दोन ताऱ्यांचे उणे चिन्ह खरोखरच गळालेले निघाले.

आता एकच विचारायचे राहिले. आकाश मनासारखे नसेल तर काय करावे? सबंध ढगाळ रात्र समजू शकते, पण अर्धवट ढग, खराब सीइंग (हवेच्या हालचालीने ताऱ्याची प्रतिमा पसरणे), तासभर उघडून पुन्हा बंद झालेला घुमट, अशा वेळी निर्णय कसा घेता?

रात्रपाळी (उत्तर)

दोन ऐवजी एकच निघाला असता तरी मला समाधान वाटले असते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तरही वर जाण्याआधी खालीच लिहून न्यायचे आहे. मुख्य यादीशेजारी दुसरी यादी ठेवा, तेजस्वी ताऱ्यांची, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या परिस्थितीत घ्यायचा ते लिहा. पातळ, सर्वत्र सारखे पसरलेले ढग असतील तर ताऱ्याची दीप्ती मोजता येत नाही, परंतु वर्णरेषांचे स्थान आणि त्यावरून ताऱ्याचा वेग काढता येतो, कारण ढग प्रकाश कमी करतो, रेषा सरकवत नाही. असे तारे ढगांसाठी राखून ठेवा. सीइंग बिघडून दोन विकलांच्या वर गेले तर एका विकलेच्या स्लिटमधून निम्म्याहून जास्त प्रकाश वाया जातो. त्या वेळी मंद ताऱ्यावर दुप्पट वेळ घालण्याचा मोह होतो, तो आवरा. रुंद स्लिट चालेल असे तेजस्वी तारे घ्या आणि सीइंग सुधारण्याची वाट पाहा. मी स्वतःसाठी असा नियम केला आहे, की एका ताऱ्याच्या पहिल्या एक्स्पोजरमध्ये ठरवलेल्या संकेताच्या (नोंदल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या) एक तृतीयांशही मिळाला नाही तर दुसरे एक्स्पोजर घ्यायचे नाही. नियम कदाचित खडबडीत असेल, पण तो पहाटे तीनलाही लागू करता येतो हेच त्याचे मोल.

घुमट बंद झाल्यावर लगेच झोपायला जाऊ नका. मर्यादेच्या खाली आर्द्रता आली तरी ती काही काळ तशीच राहीपर्यंत ऑपरेटर उघडत नाही, आणि नेमके उघडताना कोणता तारा याम्योत्तरावर असेल हे तुम्हाला तत्काळ सांगता आले पाहिजे. दर अर्ध्या तासाला कागदावर ‘आता उघडले तर हा’ असे लिहीत जा. मधल्या वेळात आर्क आणि बायस पुन्हा घेता येतात, आणि आधीच्या तासांची नोंद पुरी करता येते. नोंदवहीत एक्स्पोजरचा क्रमांक, लक्ष्य, सुरुवातीची वेळ, सीइंग, ढग आणि काही विचित्र वाटले तर तेही लिहा. ‘गाइड तारा दोनदा सुटला’ (ज्याच्या आधाराने दुर्बीण लक्ष्यावर धरून ठेवतात तो तारा) एवढी एक ओळ सहा महिन्यांनी शोधनिबंध लिहिताना तुमचे चार दिवस वाचवते. वाया गेलेले तासही कारणासह मांडा. पुढच्या प्रस्तावात उरलेले तारे मागताना वेळवाटप समिती पहिल्यांदा तेच विचारते.

मध्यरात्र यांचे म्हणणे मला बरेचसे पटते. पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीवर पूर्वी निरीक्षक नळीच्या तोंडाशी असलेल्या पिंजऱ्यात विजेने गरम होणारा सूट घालून रात्रभर बसत, त्याची कोणाला आठवण येत असेल असे वाटत नाही. तरी एकदा जाऊन यावे. घुमट फिरताना जमीन कशी थरथरते आणि वारा वाढला की पडद्यावरचा तारा कसा फुगतो हे एकदा जागेवर पाहिले, की पुढे घरी बसून आलेल्या विदेतला बिघाडही ओळखू येतो.

घुमटाखालून (उत्तर)

वरच्या उत्तराला एक जोड. चौथी रात्र संपली की सामान बांधून त्याच सकाळी उतरण्याचा बेत बहुतेक पाहुणे करतात, कारण विमान दुपारचे असते. कृपया तसे आरक्षण करू नका. रात्रभर जागलेल्या माणसाने घाटाचा रस्ता स्वतः गाडी चालवत उतरणे हा या संपूर्ण मुक्कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. आम्ही तर अशा पाहुण्याला गाडीची किल्लीच देत नाही. तो दिवस निवासस्थानी झोपून काढा, विदेच्या दोन्ही प्रती उघडून पाहा, पहिली आणि शेवटची फाइल खरोखर वाचली जाते याची खात्री करा, अभिप्रायाचा अर्ज भरा आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर आमच्या चालकासोबत निघा. खोली एक दिवस जास्त लागेल हे मात्र आत्ताच कळवा, त्या आठवड्यात दुसरा गट येत असेल तर ती आयत्या वेळी देता येत नाही.